बॅटरी बसली म्हणून स्कूटर मोडीत काढू नका

विजेवर चालणारी दुचाकी म्हातारी होते ती बॅटरीच्या बाजूने. बहुधा मागच्या चाकात बसवलेल्या तिच्या मोटरीला घासून झिजणारे ब्रश नसतात. बेअरिंग बदलले की ती पुन्हा वर्षानुवर्षे फिरते. टायर, ब्रेक शू, शॉकअप यांचा खर्च कुठल्याही स्कूटरला असतोच. बॅटरी मात्र वापरली तरी झिजते आणि नुसती उभी ठेवली तरी झिजते. तिची किंमतही मामुली नसते. ऑगस्ट २०२० मध्ये केंद्र सरकारने बॅटरीविना विद्युत दुचाकी विकायला व नोंदवायला मुभा दिली, तेव्हाच गाडीच्या किमतीचा ३० ते ४० टक्के भाग बॅटरीचा असतो हे त्या पत्रकात नमूद केले होते. त्यामुळे जुन्या गाडीची बॅटरी गेली की मालकापुढे दोनच वाटा दिसतात: गाडी भंगारात द्यायची, नाहीतर दुकानदार म्हणेल ती बॅटरी बसवायची. या प्रकरणात तिसऱ्या वाटेचा विचार करू: बॅटरी समजून घेऊन बदलायची.

त्यासाठी हैदराबादचे उदाहरण घेतले आहे, त्याला कारण आहे. बॅटरीच्या आयुष्यातला जवळजवळ प्रत्येक टप्पा या एका शहरात भेटतो. बाळापूरला बॅटरीच्या पदार्थांवर संशोधन करणारी एआरसीआय ही केंद्रीय संस्था आहे. आयआयटी हैदराबादमध्ये रुजलेली प्युअर ईव्ही ही स्कूटर कंपनी इथलीच. ट्रूप बझारात विजेचे सामान मिळते आणि राणीगंजला गाड्यांचे सुटे भाग. चेर्लापल्लीला टाकून दिलेल्या बॅटरीतून धातू परत काढण्याचे तंत्र विकसित करणारी सी-मेट ही संस्था आहे. बॅटरीच्या आगींचे कटू प्रसंगही या शहराने पाहिले आहेत.

जुनी म्हणजे कुठली?

भारतात विद्युत दुचाकींची पहिली लाट २००६-०७ च्या सुमारास आली. इलेक्ट्रोथर्मची यो-बाइक, हिरो इलेक्ट्रिकच्या स्कूटरी ही त्यातली ओळखीची नावे. यातल्या संथ गाड्यांची मोटर २५० वॉटची आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत. म्हणून त्यांना ना नोंदणी लागायची ना चालकाचा परवाना. निवृत्त माणसे, कॉलेजची मुले, गल्लीतल्या गल्लीत माल पोचवणारे दुकानदार यांना त्या सोयीच्या होत्या. सीटखाली किंवा पायाखाली १२ व्होल्टच्या चार बंद शिसे-आम्ल बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असत. चारांचे मिळून ४८ व्होल्ट.

ऑक्टोबर २०१८ पासून केंद्राच्या ‘फेम’ या विद्युत वाहनांच्या प्रोत्साहन योजनेने शिशाच्या बॅटरीवरील गाड्यांचे अनुदान थांबवले आणि एप्रिल २०१९ मध्ये आलेल्या ‘फेम-२’ ने किमान वेगाची व पल्ल्याची अट घातली. नव्या गाड्या लिथियमकडे वळल्या. जुन्या रस्त्यावर राहिल्या, पण त्यांच्यामागे उभी असलेली सेवा विरळ होत गेली. हिरो इलेक्ट्रिकवर तर डिसेंबर २०२४ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. तेलंगणाने ऑक्टोबर २०२० मध्ये जाहीर केलेल्या धोरणाने विद्युत वाहनांना रस्ताकरात सूट दिली. ती नवी गाडी घेणाऱ्याच्या कामाची. जुन्या गाडीत बॅटरी घालणाऱ्याला आपले गणित स्वतःच मांडावे लागते.

आधी बॅटरीच गेली आहे का, ते पाहा

गाडी पूर्वी ३५ किलोमीटर जायची, आता १५ वर धापा टाकते. तरी दोष बॅटरीचाच असेल असे नाही. टायरमध्ये हवा कमी असेल, ब्रेक चाकाला घासत असेल किंवा चार्जर बॅटरी पूर्ण भरत नसेल तरी हेच होते. मागचे चाक उचलून हाताने फिरवावे. ते दोन-तीन फेऱ्यांतच थांबले तर आधी मेकॅनिककडे जावे.

मग चार्जर. ४८ व्होल्टच्या शिसे-आम्ल संचाचा चार्जर भरतीच्या शेवटी साधारण ५८ ते ५९ व्होल्टपर्यंत चढला पाहिजे. तो ५५ वरच अडकत असेल तर चारही बॅटऱ्या रोज अर्धपोटी राहतात आणि त्यामुळेच लवकर मरतात. अशा वेळी चार्जर न बदलता नवी बॅटरी घातली तर तिचीही तीच गत होईल.

आता बॅटरी. गाडी पूर्ण चार्ज करावी, चार्जर काढून रात्रभर तशीच ठेवावी आणि सकाळी साध्या मल्टिमीटरने चारही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजाव्यात. निरोगी बॅटरी १२.७ ते १२.८ व्होल्ट दाखवते. १२ च्या खाली उतरलेली बॅटरी भरूनही रिकामीच राहिली आहे. पण उभ्या गाडीवरचा आकडा कधी कधी फसवतो, म्हणून दुसरी चाचणी भाराखाली करतात. दुकानात लोड टेस्टर असतो. तो लावल्यावर एखादी बॅटरी १०.५ व्होल्टच्या खाली धाडकन कोसळली तर ती गेली.

बहुतेक वेळा चारही एकदम जात नाहीत. एक जाते आणि बाकी तिघींना ओढून खाली आणते, कारण चारांतून वाहणारा प्रवाह एकच असतो. काळ्या रानात सहा बैलांचा नांगर चालायचा, तेव्हा एक बैल बसला की बाकी पाच धडधाकट असूनही तास पुढे सरकत नसे; इथेही तसेच. मग ती एकच बदलावी का? संच सहा-आठ महिन्यांचा असेल आणि एकीत निर्मितीचा दोष निघाला असेल तर जरूर बदलावी, ती वॉरंटीतच मिळेल. संच दोन वर्षांचा असेल तर मात्र नव्या बॅटरीला तीन थकलेल्यांबरोबर जुंपून फायदा नाही. जुन्या लवकर भरतात आणि लवकर रिकाम्या होतात. नवी कधीच नीट भरत नाही. अशा वेळी चारही एकाच कंपनीच्या, एकाच महिन्यात बनलेल्या घ्याव्यात.

उन्हाळा बॅटरीला काय करतो

शिसे-आम्ल बॅटरी रिकामी होते तेव्हा तिच्या दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट साचते. लगेच चार्ज केली तर ते पुन्हा विरघळते. गाडी आठवडाभर उतरलेल्या अवस्थेत उभी राहिली तर त्याचे कठीण स्फटिक बनतात आणि तेवढी पट्टी कायमची निकामी होते. म्हणून सुट्टीला गावी जाताना गाडी भरून ठेवावी लागते. रिकामी ठेवून गेलेल्या माणसाला परतल्यावर बॅटरी ‘बसलेली’ सापडते.

दुसरा शत्रू उष्णता. शिसे-आम्ल बॅटरीबाबत तंत्रज्ञांचा जुना ठोकताळा आहे: २५ अंशांच्या वर दर १० अंशांना आयुष्य निम्मे. हैदराबादेत एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० च्या वर जातो. उन्हात लावलेल्या स्कूटरच्या बंद खोक्यात तो त्याहून वर चढतो. या बॅटऱ्या सीलबंद असतात, त्यांत पाणी घालायची सोय नसते; आतला ओलावा एकदा उडाला की उडाला. रोजच्या वापरात दीड-दोन वर्षांतच संच का थकतो, ते यावरून कळेल.

चढही आपला वाटा घेतात. २० अँपिअर-तास ही क्षमता या बॅटऱ्यांसाठी साधारण दोन तासांच्या उतरणीवर, म्हणजे १० अँपिअरच्या प्रवाहावर मोजलेली असते. बंजारा हिल्सचा चढ किंवा एखादा लांब फ्लायओव्हर दोन माणसांनिशी चढताना प्रवाह २० अँपिअरकडे जातो आणि शिशाची बॅटरी त्या घाईत आपल्या साठ्यातले कमीच देते. जो पल्ला सपाट रस्त्यावर मिळतो, तो चढावर मिळत नाही.

लिथियमलाही उष्णता मानवत नाही, फक्त कारण वेगळे आहे. तिच्या ऋण ध्रुवावर पहिल्या काही भरत्यांतच एक पातळ संरक्षक थर तयार होतो. हा थर उष्णतेत जाड होत जातो आणि त्यात थोडे थोडे लिथियम कायमचे अडकून पडते. बॅटरी पूर्ण भरलेली असेल आणि वर ऊन असेल तर हे काम अधिक वेगाने होते. म्हणून निगेचा नियम इथे उलटा आहे: शिशाची बॅटरी भरून ठेवावी, लिथियमची महिनाभर उभी ठेवायची असेल तर निम्मी भरून ठेवावी.

शिसे की लिथियम?

शिसे-आम्ल बॅटरी १८५९ मध्ये फ्रान्सच्या गास्ताँ प्लाँतेने बनवली. लिथियम-आयन बॅटरी सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणली आणि २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल तिच्यामागच्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांना मिळाले. स्कूटरवाल्याच्या दृष्टीने मात्र १९९७ चे काम अधिक महत्त्वाचे. अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत लोह-फॉस्फेटचा धन ध्रुव तपासला गेला आणि त्या शोधनिबंधाचे पहिले दोन लेखक होते अक्षय पाढी व के. एस. नंजुंडस्वामी. आज ज्याला बाजारात ‘एलएफपी’ म्हणतात ते हेच रसायन.

दुकानात लिथियमचे दोन प्रकार समोर येतात. पहिला ‘एनएमसी’: निकेल, मँगनीज, कोबाल्ट. कमी वजनात जास्त ऊर्जा देतो, पण फार तापला तर त्याच्या धन ध्रुवातून ऑक्सिजन सुटतो आणि आगीला आतूनच हवा मिळते. दुसरा एलएफपी: तेवढ्याच ऊर्जेला थोडा जड व मोठा. त्यातला ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असल्याने तो सहज सुटत नाही. आयुष्यही जास्त, एनएमसीच्या पाचशे ते हजार भरत्यांच्या तुलनेत चांगला एलएफपी पॅक दीड-दोन हजार भरत्या काढतो. एलएफपीला आग लागतच नाही असे कोणी सांगत असेल तर ते खोटे आहे. ती लागणे अवघड असते, एवढेच. हैदराबादचे हवामान आणि संथ गाडीची गरज पाहता सीटखालच्या खोक्यात बसत असेल तर एलएफपीच घ्यावा असे माझे मत आहे.

वजनातला फरक लगेच जाणवतो. १२ व्होल्ट, २० अँपिअर-तासाची शिशाची एक बॅटरी सुमारे सात किलोची, म्हणजे संच २७-२८ किलोचा. तेवढ्याच ऊर्जेचा लिथियम पॅक साधारण सात ते दहा किलोंत मावतो. अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्या ज्या माणसाला आजवर खालपर्यंत लांब वायर ओढावी लागत होती, त्याला तो हाताने उचलता येतो.

खर्चाचे गणित भरतीच्या हिशेबाने मांडावे. समजा, शिशाचा संच १२ हजारांचा आहे आणि ३५० भरत्या चालतो. म्हणजे एका भरतीला सुमारे ३४ रुपये. समजा, एलएफपी पॅक चार्जरसह २८ हजारांचा आहे आणि १,५०० भरत्या चालतो. म्हणजे एका भरतीला १९ रुपयांच्या आत. आकडे आपल्या बाजारातले घाला, रीत हीच ठेवा. रोज गाडी दामटणाऱ्याला लिथियम स्वस्त पडते. ज्याच्या गाडीचा सांगाडा सडत आला आहे, ज्याला ती अजून दोनच वर्षे हवी आहे, त्याने शिशाचा संच घालून मोकळे व्हावे. त्यात काहीही मागासलेपण नाही. आणि आठवड्यातून दोनदा भाजीला जाणाऱ्याने भरत्यांऐवजी वर्षे मोजावीत, कारण उभी राहूनही बॅटरी म्हातारी होतेच.

चार गोष्टी जुळल्या पाहिजेत

शिसे काढून लिथियम घालणे म्हणजे घड्याळाचा सेल बदलणे नव्हे. बॅटरी, चार्जर, मोटरीला वीज बेताने पुरवणारा कंट्रोलर आणि वायरिंग हे चौघे एकमेकांना ओळखून असतात. एक बदलला की बाकी तिघांना विचारावे लागते.

पहिली गोष्ट व्होल्टेज. एनएमसीचा एक सेल ४.२ व्होल्टला भरतो. ‘४८ व्होल्ट’ च्या पॅकमध्ये असे १३ एकापुढे एक असतात, म्हणून पूर्ण भरती ५४.६ व्होल्ट. एलएफपीचा सेल ३.६५ ला भरतो. १५ असतील तर ५४.७५, १६ असतील तर ५८.४ व्होल्ट. जुना कंट्रोलर साधारण ४२ व्होल्टला गाडी बंद करतो. ती खालची मर्यादा या तिन्ही रचनांना चालते. त्यामुळे ४८ च्या जागी ४८ बसवले तर कंट्रोलर बदलावा लागत नाही.

दुसरी गोष्ट चार्जर, आणि सगळ्यात जास्त गफलत इथे होते. जुना शिशाचा चार्जर ५८-५९ व्होल्ट देतो. तो १३ सेलच्या एनएमसी पॅकला लावला तर प्रत्येक सेलवर साडेचार व्होल्ट यायला लागतात. अशा वेळी आग आणि आपण यांच्यामध्ये पॅकमधली बीएमएस नावाची एक सर्किटपट्टी तेवढी उभी असते. १६ सेलच्या एलएफपीला ५८.४ लागतात आणि जुन्या चार्जरचा आकडा त्याच्या जवळ आहे, म्हणून ‘चालतो की हाच’ असे सांगितले जाते. पण शिशाचा चार्जर बॅटरी भरल्यावरही दाब धरून ठेवतो. लिथियमला त्याची गरज नसते, उलट त्याने तिचे वय कमी होते. पॅकबरोबर त्याच पॅकसाठी बनवलेला चार्जर घ्यावा आणि जुना घरात ठेवूच नये, कारण चुकून तोच लावला जातो.

तिसरी गोष्ट प्रवाह. २५० वॉटची मोटर सपाट रस्त्यावर पाचेक अँपिअर घेते, पण कंट्रोलर चढावर १५ ते २० अँपिअर मागतो. पॅकमधील बीएमएस १५ अँपिअरचीच असेल तर फ्लायओव्हरच्या मध्यावर, मागून बस येत असताना, ती प्रवाह तोडते आणि गाडी मरते. बीएमएस सलग २५ ते ३० अँपिअर देऊ शकणारी हवी. ब्रेक दाबल्यावर वीज परत बॅटरीत पाठवणारी सोय गाडीत असेल तर तेही दुकानदाराला सांगावे. बीएमएसची जोडणी त्यानुसार करावी लागते.

चौथी गोष्ट जागा. लहान पॅक मोठ्या खोक्यात सैल राहिला तर प्रत्येक खड्ड्यात आपटतो आणि सेलवरच्या निकेलच्या पट्ट्या सुटायला लागतात. फोमचे तुकडे आणि पट्टा लावून तो जखडला पाहिजे. प्रवाह फार वाढला की वीज तोडणारा सीटखालचा एमसीबी काढून वायर थेट जोडून देणारे महाभाग असतात. तो एमसीबी जागेवर राहू द्यावा.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. जुन्या गाडीच्या डॅशबोर्डवरचा बॅटरीचा काटा शिशासाठी आखलेला असतो. शिशाचे व्होल्टेज सावकाश उतरते, एलएफपीचे बराच काळ जवळजवळ स्थिर राहते आणि शेवटी एकदम पडते. त्यामुळे काटा बराच वेळ ‘भरलेली’ दाखवील आणि मग अचानक तळाशी जाईल. आत-बाहेर गेलेला प्रवाह मोजून टक्के दाखवणारा वेगळा मीटर बसवून घ्यावा.

४८ च्या जागी ६० व्होल्ट घालून ‘पिकअप वाढवून’ देण्याचा प्रस्तावही येईल. तो नाकारावा. ४८ च्या कंट्रोलरमधले कपॅसिटर बहुधा ६३ व्होल्टपर्यंतचे असतात आणि ६० चा पॅक भरल्यावर ७० च्या वर जाऊ शकतो. शिवाय वेग २५ च्या पुढे गेला की ती परवाना व नोंदणी न लागणारी गाडी राहत नाही. मूळचीच नोंदणी असलेल्या गाडीत कागदपत्रांतला तपशील बदलेल असा फेरफार करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची आडकाठी आहे. तिथे कंपनीने मान्य केलेलाच पॅक घालावा.

२०२२ ने शिकवलेले

एप्रिल २०२२ मध्ये निजामाबादेत रात्री घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन ८० वर्षांचे गृहस्थ दगावले. त्याच महिन्यात प्युअर ईव्हीने आपल्या २,००० स्कूटरी तपासणीसाठी परत बोलावल्या. १२ सप्टेंबर २०२२ च्या रात्री सिकंदराबादेत एका हॉटेलखालच्या ई-स्कूटरच्या दालनात आग लागली, धूर जिन्यातून वर चढला आणि आठ जणांचा जीव गेला. त्याच महिन्यात वसईत घरात चार्जिंगला लावलेली बॅटरी फुटून भाजलेला सात वर्षांचा मुलगा पुढे दगावला.

या आगींनंतर केंद्राने नेमलेल्या तज्ज्ञ समितीचे अध्यक्ष होते हैदराबादच्या एआरसीआयचे संचालक टाटा नरसिंग राव. समितीच्या शिफारशींवरून बॅटरीच्या सुरक्षिततेचे एआयएस-१५६ हे मानक कडक झाले. ही एआयएस मानके पुण्याची एआरएआय ही संस्था प्रसिद्ध करते. नव्या तरतुदी १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या. सेलमध्ये पुरेसे अंतर, तापमानाचे संवेदक, आतला वायू बाहेर पडायला वाट, एक सेल पेटला तरी आग पसरू नये याची चाचणी, धोक्याची सूचना देणारा आवाज व दिवा आणि प्रत्येक सेलचा मागोवा घेता यावा अशी नोंद, असे त्याचे स्वरूप आहे. हे मानक मोटार वाहन म्हणून नोंदल्या जाणाऱ्या गाड्यांसाठी आहे. संथ स्कूटरला ते लागू नसले तरी तिच्या मालकाने याच मानकाचा पॅक मागायला हरकत नाही, कारण बॅटरीला गाडीचा परवाना वाचता येत नाही.

घरातली शिस्त याहून सोपी आणि तेवढीच मोलाची. जिन्यात किंवा दाराच्या वाटेत चार्जिंग करू नये, कारण आग लागली तर पळायची वाट तीच असते. झोपायच्या खोलीत तर मुळीच नको. उन्हातून आल्या आल्या प्लग लावू नये. अर्धा तास बॅटरी निवू द्यावी. फुगलेला, पाण्यात बुडालेला किंवा पडून पोचा आलेला पॅक पुन्हा चार्ज करू नये.

दुकानात काय विचारावे

पहिला प्रश्न: सेल कोणत्या कंपनीचे, कुठल्या रसायनाचे आणि कधी बनलेले? जुन्या लॅपटॉपमधले सेल काढून, वर नवे प्लास्टिक चढवून विकण्याचा धंदा देशभर आहे. १८ मिलिमीटर व्यासाचे व ६५ मिलिमीटर लांबीचे असे शंभरेक सेल एका एनएमसी पॅकमध्ये असू शकतात. त्यांतले पाच-दहा थकलेले निघाले तरी सगळा पॅक आजारी पडतो. दुसरा: बीएमएस किती अँपिअरची आणि सेलचा समतोल साधणारी आहे का? तिसरा: वॉरंटी कशाची? वर्षांबरोबर क्षमता किती टक्क्यांखाली गेली तर पॅक बदलून देणार, हे बिलावर लिहून घ्यावे. चौथा: पॅक भरून समोर मीटरवर उतरवून दाखवाल का? २० अँपिअर-तास लिहिलेल्या पॅकमधून १४ निघाले तर तिथेच कळते.

गाडी मुळातच लिथियमची असेल तर पूर्ण पॅक टाकण्याआधी दुरुस्तीची चौकशी करावी. कधी बिघाड एका सेलच्या गटात किंवा नुसत्या बीएमएसमध्ये असतो. हे काम घरच्या टेबलावर करायचे नाही. पॅक बंद असला तरी आतले सेल मेलेले नसतात, आणि एक पाना दोन टोकांवर पडला तर तो जागीच चिकटून वितळू लागतो.

जुनी बॅटरी कुठे द्यायची

शिशाची जुनी बॅटरी दुकानदार किलोवर परत घेतो आणि ती रक्कम नव्या बिलातून वजा होते. तिच्या वजनाचा मोठा भाग शिसेच असल्याने ते पुन्हा पुन्हा वितळवून वापरता येते. मात्र रस्त्यावरच्या भंगारवाल्याकडे गेलेली बॅटरी उघड्यावर फोडली जाते, आम्ल गटारात जाते आणि शिशाचा धूर आसपासच्या मुलांच्या रक्तात जातो. लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम कायमचा असतो. म्हणून चार पैसे कमी मिळाले तरी बिल देणाऱ्या दुकानातच ती परत करावी.

लिथियमच्या जुन्या बॅटरीचे काय करायचे ते ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी स्पष्ट केले. बॅटरी बनवणाऱ्याने व आयात करणाऱ्याने ती परत गोळा करण्याची जबाबदारी घ्यायची आणि ग्राहकाने ती घरच्या कचऱ्यात न मिसळता अधिकृत संकलकाकडे द्यायची. सी-मेटच्या हैदराबाद केंद्राने लिथियम-आयन बॅटरीतून लिथियम, कोबाल्ट, निकेल परत मिळवण्याचे तंत्र विकसित करून उद्योगांना दिले आहे, पण त्या उद्योगांपर्यंत पॅक पोचवायची सुरुवात आपल्या दारातून होते. देण्यापूर्वी दोन्ही टोकांना इन्सुलेशन टेप लावावी, पॅक उघडू किंवा टोचू नये.

आपल्या गाडीचा सांगाडा, मोटर आणि कंट्रोलर धड असतील तर नवी स्कूटर घेण्याआधी बॅटरी बदलण्याचाच हिशेब करा. बदलताना चार्जरसह बदला, व्होल्टेज आहे तेच ठेवा, सेलचे नाव आणि वॉरंटी बिलावर लिहून घ्या, आणि जुनी बॅटरी बिल देणाऱ्याच्या हाती सोपवा. एवढे करूनही दुकानदार पॅक मीटरवर उतरवून दाखवायला नकार देत असेल, तर पैसे खिशात ठेवून पुढच्या दुकानात जा.